गाठ न मारलेली मोटर

हे कोणी मानणार नाही. त्या दुपारी घाटावर मी सुरुवातच अशी केली. म्हटलं, नाकेदार साहेब, तुम्ही तर मुळीच मानणार नाही, कारण तुम्ही शिकलेले आहात. पण या वैनगंगेच्या डोहात माझ्याजवळ अशी एक मोटर आहे की जिला तेल लागत नाही, जी आवाज करत नाही आणि जिला दुपारी भाकर द्यावी लागते.

नाकेदार गुणवंतराव नवीनच होते. जंगल खात्यानं त्यांना आमच्या बाजूला पाठवून पंधरा दिवसही झाले नव्हते. चांद्याला काही कागद पोचवायचे म्हणून पलीकडे जाणारी नाव धरायला आले होते. नाव पैलतीरावर होती आणि नावाडी जेवल्याशिवाय सुटत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून ते करंजाखाली शकुबाईच्या चहाच्या दुकानात बाकावर बसले होते, मी खाली मातीत. आणि आमच्याकडे पाठ करून, काठावरच्या दगडावर, माझा धाकटा भाऊ सुकलू. त्याच्या बाजूला वळकटी बांधलेली होती.

सुकलूलाही तीच नाव धरायची होती. घुग्घुसला कोळशाच्या खाणीत त्याचा जावई कामाला होता, त्यानं बोलावून घेतलं होतं. हे मला सुकलूनं सांगितलं नव्हतं, शकुबाईनं सांगितलं. सुकलू माझ्याशी अकरा वर्षं बोललाच नव्हता. आता पैलतीराची नाव इकडे येऊन परत फिरेपर्यंत जेवढा वेळ होता, तेवढाच माझ्या हाती उरला होता. तेवढ्यात त्याच्या तोंडून एक शब्द निघाला तर निघाला. आम्ही मासोळी मारणारे ढिवर. खाणीत उतरलेला ढिवर पुन्हा पाण्यावर येत नाही, हे मी चार घरचं पाहून सांगतो.

म्हणून गोष्ट काढली. गुणवंतराव आपले निमित्ताला.

अकरा वर्षांचं कारण गुणवंतरावांना मी सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. बाप मेला तेव्हा घरात दोनच वस्तू वाटण्यासारख्या होत्या, एक नाव आणि एक जाळं. नाव चिरून अर्धी करता येत नाही, जाळं अर्धं केलं तर त्याची नुसती दोन भोकं होतात. पंच बसले. मी पंचांना म्हणालो, बा मरायच्या आदल्या सांजेला मला एकट्यालाच जवळ बोलावून सांगून गेला, नाव डोमाची, जाळं सुकलूचं. पंचांनी माना हलवल्या. सुकलूनं माझ्याकडे पाहिलं. लोक माझ्या गोष्टी ऐकताना पाहतात ना, तसं. मग जाळं खांद्यावर टाकून चालता झाला. तेव्हापासून एका डोहावर आम्ही दोघं. माझ्याजवळ नाव, जाळं नाही. त्याच्याजवळ जाळं, नाव नाही. तो काठाकाठानं कमरभर पाण्यात जाळं फेकायचा, मी मधोमध दोरी ओढत फिरायचो. दिवसातून दहा वेळा एकमेकांच्या नजरेला पडायचो.

दोरी ओढणं काय असतं ते मी गुणवंतरावांना समजावलं. लांब दोरी, तिच्या टोकाला गळ, आणि गळाच्या वर पितळेचा एक ठोकून पातळ केलेला तुकडा. आम्ही त्याला चमचा म्हणतो, माझा तर खरोखरच बायकोच्या जुन्या पळीतून काढलेला होता. नाव हळूहळू चालवायची, चमचा मागं पाण्यात डुलत आला पाहिजे, घायाळ मासोळीसारखा. डोहाच्या तळाशी पढीन मासा असतो, हे एवढालं तोंड, माणसाची मांडी गिळेल. पोट भरलेलं असलं तरी तो खोट्या मासोळीवर तुटून पडतो. भुकेपायी नाही, चिडून. पण चाल बरोबर पाहिजे. गाभण म्हशीची चाल. जरा जलद झालं तर चमचा भोवऱ्यासारखा फिरतो, जरा मंद झालं तर तळाला बसतो. म्हणून दोरीच्या कामाला दोघं लागतात, एक पुढं दोरी धरायला, एक मागं वल्हं मारायला.

माझ्यामागं नऊ वर्षं माझी बायको रुखमाबाई वल्हं मारत होती. ती गेली. मग मी दोरी पायाच्या आंगठ्याला बांधून स्वतःच वल्हं मारायला लागलो. आंगठा अजून वाकडा आहे, दाखवला त्यांना. मागच्या फळीवर तिच्या वजनाचा एक दगड ठेवला, नाहीतर नाव पुढून बुडते. दगडाशी मी बोलायचो. दगड बरा ऐकतो. मागच्या पावसाळ्यात पूर आला आणि बापाची ती नावही फुटली. जिच्यापायी सारं झालं, तिच्या फळ्या शकुबाईनं चुलीत घातल्या.

“ओल्या होत्या,” शकुबाई म्हणाली, “धूर लय करे.”

त्याच सुमारास आमचं राज्य नागपूरहून उठून मुंबईला गेलं होतं, आणि मच्छीमार सोसायटीत नवीन नवीन कागद येत होते. सागवानाच्या एका ठेकेदारानं बांबूचे तराफे ओढायची आपली लोखंडी नाव सोसायटीला देऊन टाकली. सोसायटीनं ती माझ्या हवाली केली, मधल्या डोहात मीच एकटा जातो म्हणून. नावेला मागं मोठी मोटर होती. ती सुरू केली की बगळे पार चामोर्शीपर्यंत उडायचे. दोरी टाकली तर चमचा पाण्यात राहीच ना, बेडकासारखा वरून उड्या मारत यायचा. आणि नाव अशी जड, की वल्ह्यावर दोन्ही हातांचं सारं बळ लागे, आंगठ्याला दोरी बांधून एकट्याला ते जमायचं नाही. सोसायटीचे लोक म्हणाले, मोठी मोटर जायला-यायला राहू दे, दोरी ओढायला शेजारी एक छोटी लाव. चांद्याला नूर मोहम्मदकडं आहेत, जा आणि पाहून आण.

म्हणजे मागच्या फळीवर बसायला कोणीतरी आणायचं होतं. मी नावेच्या पाठीची उंची एका सुतळीवर गाठ मारून मोजून घेतली, चमचा धोतराच्या सोग्यात बांधला आणि निघालो.

नूर मोहम्मदचं दुकान जटपुरा दरवाज्याजवळ. शिवणयंत्रं, विहिरीवरची इंजिनं, ग्रामोफोन, जे काही फिरतं ते सारं त्याच्याकडं दुरुस्तीला यायचं. पोत्यावर तीन छोट्या मोटरी मांडलेल्या, बाजूला डांबराचं रिकामं पिंप पाण्यानं भरून ठेवलेलं. मोटर पिंपाच्या काठाला अडकवायची, पंखा पाण्यात सोडायचा आणि चालवून पाहायची. मी त्याला विचारलं, हे मी करू का. आणि चमचा सोग्यातून सोडून दोरीनं पिंपात धरला. नूर मोहम्मदनं बऱ्याच जणांना मोटर विकली होती, पण गिऱ्हाइकानं पिंपात गळ टाकलेला त्यानं पाहिला नव्हता.

पहिली मोटर लाल, चकचकीत, चार घोड्यांची. सुरू झाली तशी अर्धं पिंप आमच्या दोघांच्या अंगावर आलं. चमचा गरगर फिरून दोरीला पीळ बसला. पढीन वेडा असतो, पण इतका नाही. दुसरी चांगली हळू चालायची, चमचाही डुलला. पण सुतळी लावून पाहिली तर तिचा पाय वीतभर आखूड. आमच्या नावेची पाठ उंच, पंखा पाण्याबाहेर राहून वारा घालत बसला असता. तिसरी म्हातारी होती. रंग गेलेला, दोनच घोडे, तेही थकलेले. पण पाय लांब, पंख्याची पानं रुंद, आणि दांडी मागं घेतली की इतकी हळू व्हायची की ठोके मोजता यायचे. चमचा पिंपात डुलला, थांबला, पुन्हा डुलला. नूर मोहम्मदनं स्वतः वाकून पाहिलं.

“बुढ्ढी आहे, डोमाभाऊ,” तो म्हणाला, “धावनार नाई.”

मी म्हटलं, ज्यांना धावायचं होतं ते धावून गेले.

मग त्यानं विचारलं, मागं कोण बसतं तुमच्या. मी म्हटलं, दगड. तो थोडा वेळ हातातल्या चिंधीनं टाकी पुसत राहिला.

“मग हीच न्या,” तो म्हणाला. “हिचा आवाज मानूस घोरल्यावानी आहे. अकेल्या आदमीले बरा.”

निघताना त्यानं मोटरीचे दोन पेच दाखवले. हे कसायचे, म्हणाला, पण पेचावर भरवसा ठेवायचा नाही. रोज दोरीनं नावेला बांधायचं आणि गाठ पक्की मारायची. दोन वेळा सांगितलं.

“बांधली ना मग?” गुणवंतरावांनी विचारलं.

इथं मला आमची रीत सांगावी लागली. ढिवराच्या घरी नवी वस्तू पाण्यावर नेली की पहिल्या दिवशी तिला गाठ मारत नाहीत. वल्हं असो, जाळं असो, काहीही. पहिल्या दिवशी ती नदीला पाहू द्यायची. ठेवायची असली तर नदी ठेवते, न्यायची असली तर नेते. गाठ मारली म्हणजे आपण नदीवर संशय घेतला. नूर मोहम्मद चांगला माणूस, पण त्याचा जन्म जमिनीवर गेला. मी गाठ मारली नाही.

“मग काय झालं?”

“मंग काय, डोहाच्या मधोमध गेलो अन् मोटरीनं उडी मारली.”

गुणवंतरावांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, उकडलं असेल तिला. पेच सैल होते म्हणा किंवा पोहायची हौस म्हणा, एकदा डचमळली आणि गेली. थोडे बुडबुडे आले. मोठ्या मोटरीतलं तेल मी तिकडे जाण्यापुरतंच घेतलं होतं, ते संपलेलं. नावेत एक लांब बांबू होता, पण तळ लागे ना. लोखंडाची ती एवढी नाव धारेत गोल गोल फिरायला लागली, आणि हळूहळू खालच्या खडकांकडं जायला लागली. मी पुढच्या फळीवर बसून राहिलो. ओरडलो नाही. ओरडायचं तर कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं.

एवढं मी नेहमीपेक्षा हळू सांगितलं. दगडावरची पाठ हलली नाही. पैलतीरावर नावाडी खाली उतरताना दिसत होता.

“अन् ऐका,” मी पुढं म्हटलं, “थोड्या वेळानं नाव मागून डुलली. पाहतो तं दोन हातानं काठ धरून मोटर पान्यातून वर आली. निथळून राह्यली होती. मागच्या फळीवर बसली अन् तिनं दम घेतला.”

“मोटरनं.”

“मोटरनं.”

“दोन हातांनी.”

“तुमी लांबचे हा साहेब,” शकुबाई चुलीतून मान न काढता म्हणाली. “आमच्या इकडच्या मोटरी तुमाले काय ठाऊक.”

तिथं खडकांपाशी तळ लागत होता, मोटरीनं बांबू हातात घेतला आणि नाव काठाला लावली, मी सांगितलं. एक शब्द नाही. मी वळून पाहीपर्यंत ओली पावलं टाकत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर आलो, तर ही आपली आधीच मागच्या फळीवर येऊन बसलेली, तोंड दुसरीकडं. येताना आपलं वल्हं घेऊन आली होती. मी दगड उचलून काठावर ठेवला.

तेव्हापासून रोज. दिवाळीनंतरच्या आठवड्यापासून थेट मोहाची फुलं पडायला लागेपर्यंत. चाल अशी, की नूर मोहम्मदच्या तिन्ही मोटरी एका पारड्यात घाला आणि हिला दुसऱ्यात. चमचा असा डुलायचा की मलाच तो खावासा वाटायचा. काळ्या खडकापाशी वळण घेताना ती दोन दम थांबते, मग डाव्या अंगानं जाते. ही आमच्या बापाची रीत, नूर मोहम्मदच्या दुकानात कोणी शिकवत नाही. तंबाखू खाते, थुंकते नेहमी उजवीकडं. दुपारी मी भाकरीचा अर्धा तुकडा आणि आंबाडीची भाजी मागं फळीवर सरकवून ठेवायचो, पाहायचो नाही. थोड्या वेळानं वाटी धुतलेली पुढं यायची. काठावर मासोळ्यांचे दोन ढीग घालायचो, एक ढीग निघून जायचा. कधी माझा ढीग मोठा झाला असेल तर त्यातली एक उचलून तिकडं टाकलेली असायची. हिशेबाची पक्की.

गुणवंतराव आता हसत होते. त्यांना वाटलं त्यांना सारं कळलं. त्यांनी विचारलं, बोलते का तुमची मोटर.

मी म्हटलं, मोटरी बोलत नसतात, साहेब.

खरं सांगतो, एकटा होतो तेव्हा इतका एकटा नव्हतो. दगडाशी मी मोठमोठ्यानं बोलायचो, रुखमाबाईला शिव्याही द्यायचो, मासोळ्यांना हाका मारायचो. दोरीच्या कामात बोलायचं नसतं, पण दगड कोणाला सांगतो. मागं कोणी बसायला लागलं आणि माझी वाचाच गेली. पाच महिने मी पुढं तोंड करून बसलो आणि माझ्या पाठीला सारा वेळ कोणीतरी श्वास घेताना ऐकू यायचं. एकदा वाटलं, गोष्ट सांगून पाहावी. वाघानं माझी बिडी पेटवून दिली ती सांगितली, तिला घाटावर माणसं पोट धरून हसतात. मागं वल्हं पडत राहिलं, एकसारखं. गोष्ट संपली तरी पडत राहिलं. संध्याकाळी घरी जाऊन चूलही पेटवली नाही.

पैलतीरावरून नाव सुटली. पाणी उतरलेलं होतं, यायला तिला फार वेळ लागणार नव्हता. सुकलूनं वळकटी मांडीवर घेतली.

मी गुणवंतरावांकडं सरकून बसलो आणि आवाज चढवला. म्हटलं, आता शेवटचं ऐका, परवाचं. परवा काळ्या खडकाच्या वरच्या अंगाला मोठा लागला. माझ्या जन्मात लागला नाही एवढा. नाव लोखंडाची, तरी त्यानं तिला फिरवली. दोरी हातातून जळत गेली, हे पाहा, खूण अजून आहे. सकाळचं ऊन माथ्यावर येईपर्यंत आम्ही त्याला खेळवत होतो. तो वर गेला की नाव वर, तो खाली की नाव खाली. दोरी एकदा सैल पडली नाही, एकदा जास्त ताणली नाही. तो थकला. वर आला तेव्हा त्याच्या मिशा दिसल्या, हातभर लांब. नावेपासून दोन वाव राहिला असेल. आणि मला मागून कोणी म्हटलं, डोमा.

“मोटर बोलली?” गुणवंतराव म्हणाले.

“वाटलं तसं.”

“मग?”

“मागं पाह्यलं. कोणी बोललं नोतं.”

शकुबाईनं चिमटा खाली ठेवला. गुणवंतराव हसायचे थांबले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा दगडावरच्या पाठीकडं पाहिलं. मला वाटतं, तेव्हा त्यांना थोडंसं कळलं.

नाव काठाला लागली. नावाड्यानं बांबू रोवला. सुकलू उठला, वळकटी खांद्यावर घेतली आणि एक पाय पाण्यात टाकला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी नाकेदार साहेबांना, जरा मोठ्यानंच, सांगत राहिलो.

म्हटलं, आणि तेवढ्यात घात झाला. काय सांगू, साहेब, म्हातारी मोटर ती म्हातारीच. ऐन वेळी ढिली पडली. वल्ह्याचा एक हात चुकला, नाव आडवी झाली, दोरीला झोल पडला आणि तो गेला. बाप असता तर म्हणाला असता, याच्या हाती वल्हं कोणी दिलं. तरी मी तिला काही बोललो नाही. हात थकतात माणसाचे. खाणीत जाऊन फावडं मारणंच बरं अशांनी, तिथं झोल पडत नाही.

पाण्यातला पाय थांबला.

नावाडी म्हणाला, चला. गुणवंतराव उठले होते, तेही थांबले. सुकलूनं वळकटी खांद्यावरून उतरवली आणि दगडावर ठेवली. वळला. अकरा वर्षांत त्याचा आवाज जाड झाला होता, मला आधी वाटलं दुसरंच कोणी बोलतं आहे.

“लबाड बोलून राह्यला,” तो म्हणाला, गुणवंतरावांना नाही, मला. “वल्हं ढिलं पडलं नोतं. तू मागं पाह्यलं अन् दोरी तुया हातून सुटली. मोटर तं पयल्याच दिवशी डोहात गेली, वल्हं म्या मारलं, पाच महिने, अन् एक हात चुकला नाई माहा. अन् बा बी तुले काही बोलला नोता, डोमा. त्या सांजेले मी होतो त्याच्या उशाले. सारं खोटं.”